लाजवर्दाचा आवाज

माझा आवाज गेला तो एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, एका वाक्याच्या मध्यावर. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी" इथपर्यंत मी व्यवस्थित पोहोचलो होतो. गाडी कुठं जाणार हे सांगायचं राहिलं. काही लोक चढले, काही उतरले, आणि एक गृहस्थ थेट माझ्या काचेच्या खोलीपाशी येऊन म्हणाले, "अहो, सांगा की पुढचं!" मी तोंड उघडलं. आतून गंजलेल्या कडीचा आवाज आला.

बस स्थानकावर घोषणा करणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली. लोकांना मी दिसत नाही, नुसता ऐकू येतो. अशी सोय देवानंतर मलाच आहे असं मी चारचौघांत म्हणत असे. आता म्हणताही येईना.

तीन आठवडे गेले. गुळण्या झाल्या, वाफ झाली, मध झाला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहतात. ते रोज संध्याकाळी खाली येत. "घशाला संपूर्ण विश्रांती. एक शब्द बोलायचा नाही," असं बजावत आणि लगेच विचारत, "हं, आता सांगा, दुखतं नेमकं कुठं?" मी गप्प बसलो की बायकोकडे वळून म्हणत, "रुग्ण सहकार्य करत नाही."

मी मुलीची जुनी पाटी काढली आणि तिच्यावर लिहून बोलू लागलो. पाटीवर माणसाला रागावता येत नाही. खडू घासून 'मूर्ख' लिहीपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

चौथ्या आठवड्यात आगारप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, "यंत्र येतंय. त्यात एक बाई बोलते. कधी आजारी पडत नाही, रजा मागत नाही. एक तारखेपर्यंत तुमचा आवाज आला तर ठीक, नाही तर तुम्ही पार्सलच्या खिडकीवर. तिथं बोलावं लागत नाही, नुसतं वजन करायचं." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं, की मला ते यंत्र आणि त्या यंत्रातली बाई दोघांचाही संशय आला.

त्याच रविवारी धाकटी मेहुणी घरी आली. तिचा सगळ्या खड्यांवर विश्वास. गुडघ्यासाठी एक, झोपेसाठी एक, आणि नवऱ्याच्या रागासाठी एक, तो मात्र नवऱ्याच्या उशीत, त्याला न सांगता.

"भावोजी, घशाला लाजवर्दच," ती म्हणाली. "निळा खडा, वर सोनेरी ठिपके. गळ्याच्या खळगीला टेकला पाहिजे. जुने लोक उगाळून डोळ्यांत घालायचे, तापात कपाळावर ठेवायचे, मुलं झोपेत दचकली तर पाळण्याला बांधायचे. आणि माणूस मेला की त्याच्या गळ्याशी ठेवायचे म्हणे. म्हणजे पलीकडं गेल्यावर बोलताना अडखळायला होत नाही."

'मी अजून अलीकडंच आहे,' मी पाटीवर लिहिलं.

"म्हणून तर लवकर चला," मेहुणी म्हणाली.

दुकान म्हणजे छत्र्या दुरुस्त करणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामधली एक फट होती. खडेवाल्याच्या उजव्या डोळ्याला भिंग होतं, आणि आम्ही तिथं असेपर्यंत ते त्यानं काढलं नाही. त्यानं खणातून पाच-सहा लाजवर्द काढले आणि एकेक माझ्या गळ्याला टेकवला. टेकवायचा, मान हलवायचा, परत ठेवायचा. सगळे संपले. मग खालच्या खणातून एक पुडी काढली. तिच्यातला खडा लहान होता, सुपारीएवढा, आणि त्याची निळाई आत कुठंतरी खोल गेल्यासारखी दिसत होती. गळ्याला लागताच मी दचकलो. बर्फ बरा.

"हा वापरलेला आहे," तो म्हणाला.

मी पाटीवर लिहिलं, 'आधीच्या मालकाचं काय झालं?'

त्यानं भिंगातून ते वाचलं, अंगठ्यानं पुसून टाकलं आणि पाटी मला परत दिली.

"अंगावर राहून कोमट झाला की तुमचा झाला. गारच राहिला तर आणून द्या. तोवर पैसे नकोत, असाच न्या."

रात्रभर खडा गळ्यात होता. कोमट झाला नाही. सकाळी उठलो, खुर्चीत बसलो आणि सवयीनं म्हणालो, "चहा झाला का?"

स्वयंपाकघरात कपबशी वाजायची थांबली.

"कोण आलंय?" आतून बायकोनं विचारलं.

"मीच."

"मीच कोण?"

ती केस सारखे करत बाहेर आली आणि खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही हे बघून दारातच उभी राहिली. मलाही मागं वळून बघावंसं वाटलं होतं. आवाज खोल होता, रुंद होता, प्रत्येक अक्षर पूर्ण होतं. एखाद्या मोठ्या रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा. मी खडा काढून बघितला. गंजलेली कडी. परत घातला. तोच आवाज.

"तुमचा आधीचासुद्धा काही वाईट नव्हता," बायको म्हणाली. गेलेल्या नातेवाइकांबद्दल आपण असंच बोलतो.

त्या दिवशी स्थानकावर मी पहिली घोषणा केली आणि स्थानक थांबलं. खरंच थांबलं. हमाल ओझी डोक्यावर घेऊन उभे राहिले. पेपरवाला ओरडायचा थांबला. रडणारं एक मूल तोंड उघडं ठेवून गप्प झालं. घोषणा संपली तरी दोन-तीन क्षण कुणी हललं नाही. बावीस वर्षांत माझ्या आवाजानं एक कबुतरसुद्धा उडालं नव्हतं. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. तो टिकला दुपारपर्यंत.

साडेबाराची गाडी लागायची होती. मी म्हणालो, "साडेबाराची गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे." मला एवढंच म्हणायचं होतं. पण गळ्यातून पुढं आलं, "साडेबाराची गाडी आहे का? आहे का? आहे का?" तिसऱ्या वेळी तो 'का' असा काही लांबला, की माझ्याच पाठीवर काटा आला. दोन मिनिटांत त्या गाडीचा चालक धावत माझ्या काचेसमोर आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "आहे, साहेब. हजर आहे." मग आपण हे का केलं ते त्यालाही कळेना. टोपी घालून तो निघून गेला.

त्यानंतर एकही गाडी उशिरा लागली नाही. आगारप्रमुख खूश. चालक मात्र माझ्या खोलीवरून जाताना मान खाली घालू लागले. एकानं तर न विचारताच मला सांगितलं, की मागच्या वर्षी आरसा फोडला तो त्यानंच.

घरीही काही ठीक नव्हतं. चौथ्या दिवशी बायको जेवताना म्हणाली, "अहो, एक सांगू? तुम्ही तोंड मिटल्यावरही थोडा वेळ ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तेच. 'ऐकू येतं' एवढं आत्ता आलं ना, तेव्हा तुम्ही घास चावत होता."

मी आरशासमोर उभा राहून 'फलाट क्रमांक एक' म्हणून बघितलं. ओठ हलले ते आवाजाच्या मागून. फार नाही, एखाद्या पावलाच्या अंतरानं. गळ्याच्या खळगीत, खडा टेकत होता तिथं, बटणाएवढा पांढरा डाग पडला होता. बोट लावलं तर तिथं काहीच जाणवत नव्हतं, दाबही नाही.

शहाण्या माणसानं त्याच दिवशी खडा दुकानात परत दिला असता. पण एक तारीख नऊ दिवसांवर होती आणि पार्सलच्या खिडकीवरचा तो वजनकाटा मी रोज येता-जाता बघत होतो. आपल्याला शेवटी वजनकाट्यावर बसवणार, ही कल्पना भुतापेक्षा वाईट असते. निदान नोकरदाराला.

एवढ्यात कचेरीतून पत्र आलं. घोषणा करणाऱ्या माणसाचा आवाज बदलल्याची तोंडी तक्रार कुणीतरी केली होती; तरी संबंधितानं खुलासा करावा. मी आस्थापना शाखेत गेलो. तिथल्या कारकुनानं नमुन्यांची जाडजूड फाईल उघडली.

"नावात बदल आहे. पत्त्यात बदल आहे. वैवाहिक स्थितीत बदल आहे," बोट फिरवत तो म्हणाला. "आवाजात बदल नाही."

"मग काय करू?"

माझा आवाज ऐकून तो उभा राहिला. मग आपण उभे आहोत हे लक्षात येऊन बसला.

"असं करा, आवाजात बदल झालेला नाही असा अर्ज द्या."

"पण झालाय."

"झालाय, पण त्याचा नमुना नाही ना. आणि सोबत दाखला जोडा, की सदर आवाज आपलाच आहे. डॉक्टरांचा."

घशाच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, कपाळावरचा दिवा लावला, जीभ बाहेर काढायला सांगितली आणि तिच्यावर चमचा दाबला. अशा अवस्थेत माणसाला 'आ' सोडून काही म्हणता येत नाही. पण चमचा जिभेवर असतानाच खणखणीत आवाज आला, "पुढचा!"

दार उघडून पुढचा रुग्ण आत आला.

डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. त्यांनी दिवा विझवला. मग दाखला लिहिला: 'घसा रुग्णाचाच आहे. आवाजाबद्दल मत देता येत नाही.' तपासणीची फीसुद्धा घेतली नाही, एवढंच म्हणाले, "पुन्हा येताना आधी फोन करू नका." ते घाईत उलटसुलट बोलले की त्यांना तेच म्हणायचं होतं, याचा मी अजून विचार करतो. माझा फोन घेणं त्यांना नको असावं.

बाकावरची बाई माझ्या लक्षात आली ती याच दिवसांत. तीन नंबरच्या कर्ण्याखाली एक बाक आहे. त्यावर एक लहानखुरी म्हातारी बाई सकाळी दहाला येऊन बसे आणि पाचला उठून जाई. हातात कापडी पिशवी, मांडीवर छत्री. गाडी कुठलीच पकडत नसे. घोषणा झाली की लोक फलाटाकडे बघतात. ती वर कर्ण्याकडे बघे, समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तशी. एकदा तर कर्ण्याकडे बघून तिनं नाक मुरडलं.

आठव्या दिवशी दुपारी ती माझ्या खिडकीशी आली.

"तो खडा तुम्ही कुठून घेतलात?" तिनं विचारलं.

माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं. खडा दिसणं शक्य नव्हतं.

"कुठला खडा?"

"हे असंच," ती म्हणाली. "अगदी असंच विचारायचे. 'कुठला डबा? कुठली चावी?' हा आमच्या ह्यांचा आवाज आहे."

मी तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि सगळं न अडखळता सांगितलं. तिचे यजमान कोर्टात पुकारा करायचे. छत्तीस वर्षं. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची, साक्षीदारांची, आरोपींची नावं हाकारायची, तीन-तीनदा. घसा टिकावा म्हणून गळ्यात कायम लाजवर्द.

"चोराचं नाव घ्यायचे, खुन्याचंसुद्धा घ्यायचे. लांबून लोक नुसते ऐकायला यायचे. आणि घरी आले की गप्प. घसा दमला म्हणायचे. मला आपलं 'अगं' पुरायचं. लग्नात एकदा नाव घेतलं असेल, तेही दुसऱ्या कुणी आधी सांगितलं म्हणून."

"आणि खडा?"

"ते गेल्यावर मी विकला. कपाटातून सारखा गारवा यायचा. म्हटलं, गेलेल्या माणसानं एवढी जागा अडवू नये." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "मागच्या सोमवारी भाचीला गाडीत बसवायला आले, तर हे वर बोलताहेत. सहाची गाडी, सातची गाडी. मला नाही, गाड्यांना!"

मी काही बोललो असतो तरी तो आवाज तिला माझा वाटला नसता.

"मला एकच हवंय," ती म्हणाली. "एकदा त्यांना माझं नाव घेऊ दे. सगळ्यांसमोर. कोर्टात घ्यायचे तसं, तीनदा."

तिनं मला तिचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि तिच्या वाट्याला फार कमी वेळा आलंय.

ती जाऊन बाकावर बसली, छत्री सरळ धरून. मी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. "श्रीमती" म्हणालो. तिथं गळा आवळला. माझी जीभ आतून कुणीतरी हातानं खाली धरली. खडा इतका गार झाला की दात वाजू लागले. समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"अगं," स्थानकावरचे अकराच्या अकरा कर्णे म्हणाले.

स्थानक थांबलं.

"अगं, ऐकतेस का? माझा चष्मा कुठं ठेवलास?"

ती बाई ताडकन उभी राहिली. "डोक्यावर आहे!" ती कर्ण्याकडे छत्री रोखून ओरडली. "डोक्यावरच असतो! आधी नाव घ्या!"

कर्णे खरखरले. मग आवाज आला तो एकदम उतरलेला, संकोचलेला.

"चारचौघांत कसं घेणार?"

"खुन्यांची घेतलीत ती चारचौघांतच ना?"

दोनेकशे माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. फलाटावरच्या गाड्यांची इंजिनं चालू होती, पण ती लांब कुठंतरी चालू असल्यासारखी वाटत होती. कर्ण्यांमधून श्वास ऐकू येत होता. माझा नव्हता, मी तर रोखून धरला होता.

"घसा दमलाय गं," आवाज म्हणाला. आणि मग काही नाही.

तिची छत्री हळूहळू खाली आली. ती बाकावर बसली आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली. मी इतके दिवस फक्त माझा विचार करत होतो. माझी खिडकी, माझा मान, माझा वजनकाटा. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की एक बाई आपलं नाव ऐकायला आली होती आणि तिला ते मिळालं नव्हतं. आगारप्रमुख काचेवर टकटक करत होते. मी गळ्यातला दोरा सोडला, खडा टेबलावर ठेवला आणि परत बटण दाबलं.

पहिल्या वेळी तिचं नाव मधून तुटलं. दुसऱ्या वेळी नुसती हवा आली. तिसऱ्या वेळी सगळं आलं, फाटकं, पण सगळं. "यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं," मी म्हणालो. ते लोकांना समजलं असेल की नाही, देव जाणे.

ती उठली. केस सारखे केले. लोकांनी वाट करून दिली आणि ती त्या वाटेनं सावकाश, कुठलीही घाई न करता, खिडकीशी आली.

"कुणी हाक मारली?"

"मी."

"तुमचा आवाज फारच वाईट आहे हो."

"हो."

"पण नाव बरोबर घेतलंत." तिनं हात पुढं केला. मी खडा तिच्या तळहातावर ठेवला. "ह्यांना घरी घेऊन जाते. बाहेर फार बोलतात." तिनं तो पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळून बांधलं. फाटकापर्यंत मी तिला बघत होतो. तिथं ती एकदा थांबली, कुणीतरी मध्येच बोलल्यावर थांबतात तशी, पिशवीकडे वाकली, आणि "बघू," असं काहीतरी म्हणून पुढं गेली.

एक तारखेला यंत्र आलं. त्यातली बाई बरी बोलते. मी पार्सलच्या खिडकीवर वजनं करतो. आगारप्रमुखांनी मला रुजू व्हायचा नमुना दिला तेव्हा त्यात 'बदलीचं कारण' असा रकाना होता; मी 'घसा' लिहिलं आणि ते मंजूर झालं. दोन महिन्यांनी आवाज परत आला, निम्मा. कंपाउंडर त्याचं श्रेय गुळण्यांना देतात, मेहुणी खड्याला. गळ्यावरचा डाग अजून आहे.

पण त्या दिवशीचं राहिलं. संध्याकाळी घरी आलो, चपला काढल्या आणि दारातूनच बायकोला हाक मारली. नावानं. बावीस वर्षं नोकरी आणि चोवीस वर्षं संसार झाला, पण असं कधी केलं नव्हतं. फाटका आवाज कसाबसा आत पोहोचला.

ती ओल्या हातांनी धावत बाहेर आली. तोंडाचा रंग उडालेला.

"अहो, कोण गेलं?"

"कुणी नाही."

तिचा विश्वास बसला नाही. माझ्या खांद्यावरून ती मागच्या जिन्याकडे बराच वेळ बघत राहिली. जिन्यात कुणी नव्हतं. मग तिनं हात पुसले, दार लावून घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मग पुन्हा म्हणा बघू."